बुजवलेली विहीर

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या साखर पेठेत एक म्हातारा रोज दुपारी येऊ लागला. आमच्या विणकामाच्या मागांच्या शेडसमोर उभा राहायचा, पावलं मोजायचा आणि न बोलता निघून जायचा. पेठेत सगळे एकमेकांना ओळखायचे. याला कुणीच ओळखेना. मी तेव्हा नवी सून. मला तो चोरच वाटला. दाराला कडी घालून मी सासऱ्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला अडवलं. "रोज काय बघता हो इथं?"

"हितं हीर हुती न्हवं?"

"होती. नळ आल्यावर आम्ही बुजवली. तुम्हाला कशाला चौकशी?"

"मीच खणली हुती, तरणा असताना. सांगोल्याकडं असाच दुष्काळ पडला, तवा कामाला आल्तो." शेडच्या उंबऱ्याशी वाकून त्यानं जमिनीवर तळवा टेकला. "पाणी लई गोड हुतं की."

सासऱ्यांनी मला पाणी आणायला सांगितलं. नळ चार दिवस कोरडा होता. हंडा खरवडून जेमतेम अर्धा तांब्या भरला. म्हाताऱ्यानं आत डोकावून पाहिलं, एकच घोट घेतला आणि तांब्या माझ्या हातात परत दिला.

"ऱ्हाऊ दे पोरी. तुमास्नी लागंल."