त्या वर्षी न बसवलेला घट

त्या वर्षी मी नवरात्रात घट बसवला नाही. ऑपरेशनमध्ये माझा डावा स्तन काढला होता, आणि अशा अपुऱ्या अंगानं रेणुकाईपुढे कसं बसायचं, हे मनानं घेतलं होतं. यजमान म्हणाले, "तुझी मर्जी." लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या कचेरीत त्यांची बदली झाली म्हणून आम्ही नांदेड सोडून आलो. ते सदा दुष्काळी कामांच्या दौऱ्यावर आणि मी अनोळखी गल्लीत दार लावून एकटी. खरं सांगायचं तर देवीआईवर माझा राग होता. इतक्या वर्षांच्या उपासांचं हेच का फळ, असं तिला विचारायचे आणि लगेच तोंड फिरवायचे.

नवरात्राच्या आधी हैदराबादहून तपासणी करून परतत होते. वाटेत एका स्टेशनात गाडी रखडली, इंजिनालाही पाणी नव्हतं. समोरच्या बाकावर पांढऱ्या कपाळाची एक म्हातारी दोन सुयांवर सुती दोऱ्याचं काहीतरी विणत होती. मी ब्लाउजमध्ये रुमालाचा बोळा कोंबलेला, तो सारखा वर सरकायचा, म्हणून मी पदर मुठीत धरून बसलेली. बराच वेळ तिनं पाहिलं आणि म्हणाली, "पोरी, काय चोरून आणलंस गं? सोड की तो पदर. माझंबी एक न्हाई." मग पिशवीतून विणलेली एक गोल वाटी काढून तिनं माझ्या ओटीत घातली. मागून नाडीनं बांधायची, मऊ, स्तनाच्या आकाराची. दवाखान्याच्या दारात बसून ती अशा वाट्या विणायची आणि पदर घट्ट धरलेली बाई दिसली की देऊन टाकायची. "आत कापूस भर, अन् वजनाला मूठभर कायबी घाल, न्हाईतर वर चढतंय," एवढं सांगून ती पुढच्या स्टेशनावर उतरली. नाव विचारायचं मला सुचलंच नाही.

घरी येऊन मी कापूस भरला आणि वजनाला मूठभर ज्वारी घातली. घरात दुसरं होतं काय! आरशात पाहिलं, तर कितीतरी महिन्यांनी दोन्ही खांदे सारखे दिसले.

नवरात्राच्या पाचव्या दिवशी टँकरवरून येताना डोक्यावरची घागर हिंदकळली आणि मी छातीपर्यंत भिजले. ती वाटी उन्हात घालायला हवी होती. पण दोरी चार बिऱ्हाडांत एक. तिच्यावर हे कसं वाळत घालणार? मी ती फडक्यात गुंडाळून ट्रंकेत दडवली. तिच्याशिवाय बाहेर पडायची लाज वाटे, म्हणून तीन दिवस दार उघडलं नाही. अष्टमीला घरात तांब्याभरच पाणी उरलं. त्या तीन दिवसांइतकी एकटी मी जन्मात कधी नव्हते.

वाळली असेल म्हणून फडकं सोडलं. विणीच्या टाक्याटाक्यांतून ज्वारीचे पिवळे कोंब बाहेर आले होते, घटाला येतात तसेच. शिवारात वर्षभर दाणा रुजला नव्हता. मी पोटभर रडले. ओल मिळाली की दाणा रुजतो, हे मलाही कळतं. पण मी आईला घरात घेतलं नव्हतं आणि ती माझ्या कापल्या जागी येऊन बसली होती, असंच मला वाटलं आणि आजही वाटतं. ती वाटी तशीच देवापुढे ठेवली, उरलेल्या पाण्यातलं थोडं तिच्यावर शिंपडलं, दिवा लावला. म्हटलं, आई, आहे ही अशी आहे, घे पदरात.

मग सपाट छातीनं, पदर न आवळता, घागर घेऊन निघाले. टँकरपाशी शेजारीण ओरडली, "ताई, कुठं होता वो? तीन दिस तुमच्या नंबरला आमची कळशी ठेवून राहिलो. दार वाजवलं तर तुम्ही हाव न्हाई की न्हाई न्हाई!" दार वाजलेलं मी ऐकलं होतं. वसुलीवाला असेल, कुणी असेल, म्हणून गप्प बसले होते. आईला हाक मारत होते आणि दार मीच लावून घेतलं होतं.

पुढे मी विणायला शिकले. आता दवाखान्याच्या व्हरांड्यात बसते. पदर घट्ट धरलेली बाई आली की तिच्या ओटीत वाटी घालते. कापूस धुऊन घ्या, नाडी सैल बांधा, उन्हात खुशाल वाळवा, सगळं सांगते. ज्वारी भरू नका, एवढं मात्र मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही.