हात हालवायचा रिवाज

सहावीतच शाळा सुटली आणि मी कोकणातून मलकापूरला येऊन पडलो. विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचं काम. जुन्या भिंगांचा मला नाद; जाईन त्या गावात विचारायचो, कुणाकडे जुना कॅमेरा आहे का, पितळी नळीतलं भिंग आहे का. लोक हसायचे. "इंजनवाला काच मागून राह्यला बे!"

पिंपळगाव राजाला एका विहिरीवरच मला ताप भरला. शेताच्या मालकिणीने मला घरी नेऊन ओसरीत निजवलं; मी तिला मावशी म्हणू लागलो. इथे आपलं काही झालं तर घरी कोण कळवणार, ही धास्ती मला तेव्हा सदाची. मावशी उशाशी बसून ज्वारीच्या कण्या भरवायची. "खाय रे कोकण्या. माह्या घरात तुले मी मरू देत नाही." ते उपकार फिटायचे नाहीत.

ताप उतरला तेव्हा भिंतीवरचे फोटो दिसू लागले. प्रत्येकात मधे खुर्चीवर कुणीतरी, डोईला फेटा, गळ्यात हार, मिशीचा केसन् केस दिसावा इतका चेहरा लख्ख. भोवती घरची माणसं. पण त्यांतल्या कुणालाच हात नव्हते. मनगटापुढे नुसतं धुकं.

"खुर्चीवरचे ते गेलेले," मावशी म्हणाली.

तिचे यजमान आसपासच्या गावांत माणसाचा शेवटचा फोटो काढायचे. त्यांच्या भिंगाला उघडझाप करणारी कळ नव्हती, टोपी तेवढी होती. ती काढायची, आकडे मोजायचे, परत लावायची; तेवढ्यात जे हाललं ते फोटोत पुसट यायचं. गेलेला माणूस तेवढा वेळ स्थिर बसायचाच. पण शेजारचेही तसेच बसले, तर फोटोत गेलेला कोणता? म्हणून त्यांनीच रिवाज पाडला होता, जित्त्याने हात हालवत राहायचं.

आता ते स्वतः आतल्या खाटेवर होते. लकव्याने सगळं अंग गेलेलं, डोळेसुद्धा एका जागी. दारातून पाहिलं की मी आत न जाता ओसरीत परतायचो.

त्यांचं भिंग मागायला माझी जीभ उचलत नव्हती. मावशीनेच ओळखलं.

"नेजो. पण आधी ह्यायचा फोटो काढ. लोक म्हणतात, बुढा कवाच गेला, बाई मढं सांभाळून राह्यली. मले फोटोत ते जित्ते पायजेत."

"मावशी, त्यांचा हात कसा हालणार?"

"म्हणून तर तुले सांगून राह्यली."

खामगावहून फोटोची काचेची प्लेट आणली. यजमानांना कोट घालून खुर्चीवर बसवलं, शेजारी मावशी उभी राहिली. त्यांच्याच कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली मी डोकं घातलं, तर दुधी काचेवर दोघं उलटी टांगलेली, पाय वर, डोकी खाली. मावशीचा हात तेवढा हालत होता. प्लेट बसवून टोपी काढली आणि आकडे मोजू लागलो. माझी नजर कॅमेऱ्यावर, तिची त्यांच्यावर. ओसरीत कसलाच आवाज नव्हता.

खामगावच्या फोटोवाल्याने छापलेला फोटो हातात देताना विचारलं, "दोघंही एकदमच गेले का हो?"

मी फोटो पिशवीत घालून बस पकडली.

मावशीने फोटो उजेडात धरला. बराच वेळ पाहून तिने बोट टेकवलं. कोटाची बाकी बटणं साफ होती, छातीवरचं एक पुसट झालं होतं.

"हे पाह्य, श्वास! माह्या मालकाचा श्वास आला!"

मी मात्र फोटोतला तिचा हात पाहिला होता. बांगडीन् बांगडी स्पष्ट. मी हळूच त्यावर अंगठा ठेवला.

"अंगठा काढ."

काढला. ती पाहत राहिली. "माह्यं सारं ध्यान ह्यायच्यात होतं," एवढंच बोलली.

"मावशी, दुसरा काढू. आत्ता काढू."

"नाही. दुसऱ्यात त्यायचा श्वास नाही आला तर?"

त्याच दुपारी तिने फोटो दारासमोरच्या खिळ्याला लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारल्या. "या, पाहा, बुढा जित्ता हाय!" लोक आत यायचे, फोटो पाहायचे, मग मान वळवून तिच्याकडे पाहायचे, आणि चपला घालून निघायचे.