पोटातल्या बिऱ्हाडकरूंचे डॉक्टर

विष्णुपंतांची आणि माझी पहिली भेट आमच्या नौपाड्यातल्या गोठ्यात झाली, आणि तिची सुरुवात भांडणाने झाली. सरकारी सालोत्र्याची, म्हणजे गुरांच्या डॉक्टराची, नोकरी आटोपून ते नुकतेच ठाण्यात राहावयास आले होते. मी तेव्हा शाळेत मास्तर होतो. आमची गाय पोटभर खाऊनही खंगत चालली होती, म्हणून त्यांना बोलावले. त्यांनी गाईकडे पाहण्याआधी आईकडे पिठाची चाळणी मागितली. तीत शेण धुऊन पाहायचे होते! आईने चाळणी तर दिली नाहीच, वर "हे डॉक्टर की कोण?" असे मला त्यांच्यादेखत विचारले. पंतांनी निमूटपणे स्वतःचे उपरणे पसरून त्यात शेण धुतले. पेंढ्याच्या काड्या जशाच्या तशा, न पचलेल्या निघाल्या. त्या दिवसापासून मी त्यांचा शिष्य आहे.

त्यांचे म्हणणे साधे आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात असंख्य सूक्ष्म जीव राहतात आणि पेंढा खरे तर तेच पचवतात. पंत त्यांना "बिऱ्हाडकरू" म्हणतात. या बिऱ्हाडकरूंना नत्र लागतो. तो भाताच्या पेंढ्यात फारसा नसतो, तिळाच्या पेंडीत असतो. पेंड थांबली की ते उपाशी, आणि मग भरल्या पोटी जनावरही उपाशी. आमच्याकडे मात्र पेंड उष्ण पडते म्हणून होळीनंतर ती बंद करण्याचा रिवाज, म्हणजे हिरवे गवत नसते नेमके तेव्हाच! हा रिवाज मोडण्यासाठी पंतांनी कोलशेतपासून आंबिवलीपर्यंत किती वहाणा झिजवल्या, ते त्यांच्या चांभारालाच ठाऊक. चांगल्या शिकलेल्या मंडळींनी त्यांची टिंगल केली. मला त्याचा अजून राग येतो.

कोलशेतच्या जानकीबाई कोळिणीचे घर एका म्हशीवर चाले. नवरा खाडीत बुडालेला. दूध नौपाड्यात घालून त्या मुले वाढवीत होत्या. एका उन्हाळ्यात म्हशीची हाडे दिसू लागली, दूध आटत आले. पंतांनी तिला पाहून "थोडी थोडी पेंड सुरू करा" असे सांगितले. बाईंनी रिवाज मोडला खरा, पण भुकेल्या म्हशीची कीव येऊन पाटीभर पेंड एकदम तिच्यापुढे ठेवली. निरोप मिळून आम्ही पोहोचलो तेव्हा म्हशीचे पोट नगाऱ्यासारखे ताठले होते, ती धापा टाकत होती, आणि अंगणात सगळा कोळीवाडा जमला होता.

"उन्हालेचे दिसान पेंड दिली, मंग काय व्हनार?" बाईंचा दीर ओरडला. "ही बायच येडी!"

पंतांनी आधी म्हशीच्या डाव्या कुशीत नळी टोचून कोंडलेला वायू मोकळा केला. हात जरा चुकता तर म्हैस तिथेच गेली असती. तिचा श्वास संथ झाल्यावर ते लोकांकडे वळले.

"बाईंना बोल लावू नका. थोडी म्हणजे किती, हे मी सांगितले नाही. चूक माझी आहे."

असे बोलल्यावर गावात पुन्हा कोणी पेंडीचे नाव घेणार नाही, या भीतीने मी त्यांची बाही ओढली. त्यांनी ती सोडवून घेतली आणि तेच वाक्य दिराकडे पाहून पुन्हा म्हटले.

म्हैस वाचली. पुढे पंत दिवसाआड कोलशेतला जाऊन स्वतःच्या मुठीने मोजून पेंड घालीत आणि हळूहळू मूठ वाढवीत. म्हैस सावरली, दूध वाढले. पुढच्या उन्हाळ्यात बाईंच्या दिराने आपल्या बैलांची पेंड बंद केली नाही.

पंतांना साठ वर्षे पूर्ण होत असल्याचे मी परवा जानकीबाईंना सांगितले. शतायुषी, चिरायू असे शब्द आम्ही मंडळी त्यांच्या साठीच्या या गौरवग्रंथासाठी जुळवीतच होतो.

"म्हस वाचवनारा डाक्तर दुसराबी भेटंल," बाई म्हणाल्या. "पन सगले गावादेकत माजा दोष आपले डोकीवं घेनारा मानूस मना दुसरा नाय भेटाचा. त्याला सांग मास्तर, लवकर मरू नको."

पंत, निरोप पोहोचवला. आपण तो पाळावा, धडधाकट राहून पाळावा, एवढेच आम्हा सर्वांचे मागणे आहे.