आप्पांचा उलटा बाण

दृष्ट काढण्यावरून आईशी आणि लिंबू-मिरचीवरून अख्ख्या सोसायटीशी भांडलेली मुलगी आहे मी. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच ओशाळल्यासारखं होतंय. पण वर्ष होत आलं, सांगायचं तरी कुणाला... म्हणून इथे.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे, राहायला सुरतेत, डिंडोलीला. मी जवळच्या सचिन या कारखान्यांच्या भागातल्या एका ऑफिसात 'आर' या प्रोग्रामिंगच्या भाषेत आकड्यांचे आलेख काढते. वडील, म्हणजे आप्पा, कापड तपासायचे. टेबलावरून तागा सरकत जायचा, खोट दिसली की आप्पा काठावर खडूने बाण काढायचे – टोक खोटीकडे. माझ्या सख्ख्या काकाच्या मागावरचं कापडसुद्धा त्यांनी सोडलं नाही, काका महिनाभर बोलत नव्हते. दुरुस्त होऊन आलेला तागा मनासारखा असेल तरच त्या जागी बाहेर तोंड केलेला दुसरा बाण. म्हणजे पास, जाऊ दे. ही त्यांची स्वतःची पद्धत. अंगठा एकदा मशीनमध्ये चेंगरलेला, त्यामुळे बाणाची एक बाजू कायम आखूड निघायची. माझ्या आलेखावरचे बाण बघून हसायचे, "तुना बाण भलता शाना शे माय, दोन्ही कान सारखा!"

गेल्या वर्षी एका मंगळवारी सकाळी त्यांचा फोन आला. छाती जड वाटतेय म्हणाले. मी मीटिंगला निघाले होते. "अ‍ॅसिडिटी असेल आप्पा, गोळी घ्या. संध्याकाळी बघू."

संध्याकाळ त्यांनी पाहिलीच नाही.

तेराव्यानंतरच्या रविवारी, भरदुपारी, मी त्यांची बीपीची वही घेऊन बसले. सगळे आकडे भरले, आलेख काढला. कुठे चुकलं ते बघायचं होतं... खरं तर कुणाचं. शेवटचा ठिपका त्याच मंगळवारचा, बाकीच्यांपेक्षा कितीतरी वर. आकडा वहीत लिहूनच त्यांनी मला फोन केला होता. मला तो सांगितला होता की नाही, हे आजही आठवत नाही.

आरमध्ये बाण काढायला निघायची आणि पोचायची, अशा दोन जागा द्याव्या लागतात. टोक पोचायच्या जागी येतं. मी कडेपासून त्या ठिपक्यापर्यंत बाण दिला. ही खोट, आणि ती माझी.

बाण उलटा आला. शेपूट ठिपक्याशी, टोक काठाकडे. जागा अदलाबदल झाल्या असतील म्हणून तपासलं, सगळं बरोबर होतं. मग नजर टोकावर गेली... एक बाजू आखूड. आरमधली बाणाची आज्ञा दोन्ही बाजू नेहमी सारख्याच काढते, दुसरं तिला येतच नाही.

मी आईला हाक मारली. तिला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. तिने पदराने स्क्रीन पुसली, वाकून बघितलं.

"हाऊ ते तुना आप्पाना बाण शे," ती म्हणाली. "तागा पास करी दिना तेसनी."

आप्पा गेल्यापासून मी रडलेच नव्हते. तेव्हा रडले.

नंतर तीच ओळ कितीदा तरी चालवली. दरवेळी बाण शहाण्यासारखा, टोक बरोबर माझ्या मंगळवारवर. पहिल्या चित्राचा तेव्हाच काढलेला प्रिंट तेवढा आईच्या कपाटात आहे. ऑफिसातल्या एकाला दाखवला, तो म्हणाला, प्रिंटरचा घोळ असेल. असेलही. पण आम्ही दोघींनी तो आधी स्क्रीनवर पाहिला होता, त्याचं काय?

आणि त्याहून मोठा प्रश्न वेगळाच आहे. आप्पांनी सख्ख्या भावाची खोट कधी सोडली नाही... मग माझी कशी सोडली?