ठरावावर सही न करणारे गुरुजी

श्रीपतराव गुरुजींची नि माझी पहिली ओळख छडीने झाली. तिसरीत परिपाठाला बातम्या वाचायची पाळी माझी होती. वाचता येईना, म्हणून समुद्र नसलेल्या भवानीनगरला जहाज बुडाल्याची बातमी मी मनानेच रचली. गुरुजींनी विचारले, "माणसं किती मेली?" मी म्हटले, "पन्नास." हातावर छडी बसली. "जहाज बुडव. माणसं फुकट मारू नगंस."

पुढे विनोदी लिहिण्यावर माझे पोट भरले. शिक्षण एवढेच.

गुरुजींचे चिरंजीव दिलीप मुंबईत पोलीस शिपाई होते. अतिरेक्यांनी शहरावर हल्ला केला, त्यात ते गेले. तेव्हापासून मॉलच्या दारात पिशव्या तपासतात. आमच्या गावात मॉल नाही. आम्ही माणसे तपासतो. दर स्मृतिदिनी गुरुजींना स्टेजवर बसवून शाल घालतो आणि त्यांच्या दुःखावर आपली भाषणे उरकतो.

गेल्या वर्षी अतिरेक्यांनी पर्यटकांवर गोळीबार केला आणि गावाला जाग आली. आमच्या यात्रेत बोकडावर सुरी फिरवण्याचा मान मुलाण्याचा. आताचे मुलाणी हुसेनभाई; मान त्यांच्या आजोबांच्याही आधीपासूनचा. तो काढून घ्यायचा ठराव ग्रामसभेत आला. सरपंच म्हणाले, "गुरुजी, रगत तुमच्या लेकाचं सांडलंय. पयली सही तुमची."

गुरुजींनी कागद वाचला, शुद्धलेखनाच्या तीन चुका दुरुस्त केल्या आणि परत दिला.

"दिलीपला खांदा द्यायला हुसेन हुता. तवा कुनी ठराव केला न्हाय."

 मग एकेक जण उठला आणि सह्या झाल्या. सातवी माझी आहे. सही करताना मी एक विनोदही केला; लोक हसले. गुरुजी हसले नाहीत.

यात्रेला गावाने इंदापुराहून दुसरा माणूस टेम्पोने आणला. गुरुजींनी जन्मात मटण खाल्लेले नाही. त्यांनी त्या दिवशी बोकड घेतला, हुसेनभाईंना बोलावले आणि अंगणात गावासाठी पत्रावळी मांडल्या. चार माणसे आली. कुत्री मात्र झाडून सगळी. मी समोरच्या ओट्यावर मोबाइल बघत बसलो होतो, बोलणे कानांवर येत होते.

"गुरुजी, मटान निवतंय."

"निवू दे. तू बस, हुसेन. जेव."

हुसेनभाईंचा मुलगा बारामतीला राहायला बोलावतो आहे. ते परवा मला म्हणाले, "गुरुजी हायती तवर हितं. म्होरं बघू." मी मान हलवली. सातव्या सहीवाल्याने दुसरे काय हलवायचे?

या गौरवग्रंथाच्या समितीने कळवले होते की वादाचे विषय टाळून गुरुजींच्या आरोग्यासाठी शुभेच्छा द्याव्यात. देतो. गुरुजींनी पंचाहत्तरी गाठली आहे. त्यांना शंभरी लाभो, गुडघे धड राहोत, दमा त्रास न देवो. एका माणसाचे या गावातले घर त्यांच्या श्वासावर उभे आहे, आणि ते आम्ही बाकीच्यांनी सावरू असे मला वाटत नाही.