कुंपणावरची कळलावी

पस्तीस-छत्तीस साल असेल. यजमान गेले, मुलगी कळवणला सासरी गेली आणि नाशिकच्या घरात मी एकटी उरले. वणीच्या गडावरून परतताना वाटेत कळलावी दिसली. तिचा नांगरासारखा वाकडा कंद उकरून आणला आणि अंगणात कुंपणाशी लावला. श्रावणात वेलीवर पिवळी-तांबडी फुलं आली, चुलीतल्या जाळासारखी.

आमच्याकडे कळलावी घरी कोणी लावत नाही. तिच्यामुळे घरात भांडणं होतात म्हणे. शेजारच्या काकू कुंपणापलीकडून ओरडल्या, "अहो, उपटा ती आधी! घरात कटकटी होतील."

"कुणाकुणात होतील?" मी विचारलं.

काकूंनी मागे वळून आपल्या घराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आमच्याकडे होतील ना!"

"माझं अंगण, माझी वेल! तुम्ही कोण सांगणाऱ्या?"

चांगली घटकाभर आमची जुंपली. "उद्या येतेच, बघते कशी उपटत नाही ते," म्हणत त्या तणतणत आत गेल्या.

माझा घसा दुखत होता. कितीतरी दिवसांत मी एवढं बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वेलीचा शेंडा काकूंच्या बाजूला वळवून दिला आणि ओट्यावर त्यांची वाट पाहत बसले.