पत्र्याच्या डब्यातला कूड

सरकारी नोकरीतला नवरा म्हणजे क्वार्टर मिळणार, असं लग्नाच्या वेळी वाटलं होतं. मिळाला चाकांवरचा पत्र्याचा डबा. नवरा रस्त्याचा रोलर चालवायचा. जिंतूरकडचा रस्ता पुढं सरकला की रोलरमागं बांधलेलं आमचं घरही सरकायचं.

चारठाण्याच्या अलीकडं उन्हाळ्यानं गाठलं. पत्र्याला पाठ लागली की चटका बसायचा. तान्ही लेक घामोळ्यांनी लाल झाली, रडून रडून तिचा आवाज बसला.

"तू जा माहेरी," नवरा म्हणाला. "हितं लेकराचे हाल व्हायलेत."

"घर तापायलंय तर घराचं काय ते करू. मी काहून जाऊ?"

शेजारच्या शेतातून तुऱ्हाट्या, तुरीच्या वाळल्या काड्या, मागून आणल्या. माहेरी आमच्या भिंती म्हणजे कूडच. तसाच विणला, शेणामातीनं लिंपला आणि पत्र्यापासून चार बोटं सोडून आतून उभा केला. खिळा एक मारला नाही, सगळं सुतळीनं बांधलं. छपरावर कापसाच्या पऱ्हाट्या, त्यांवर ओली पोती. वजन वाढलं म्हणून नवरा कुरकुरला, पण पऱ्हाट्या घेऊन वर चढला तोच.

लेक दुपारची झोपायला लागली आणि ओव्हरसियर साहेबांची जीप आली.

"हा काय गोठा केलाय? सरकारी डबा आहे. आत्ताच्या आत्ता काढा."

"काढतो साहेब," नवऱ्यानं हात जोडले.

मी दारात उभी राहिले. "न्हाई काढायचा. सरकारचा पत्रा हाय तसा हाय, साहेब. कूड माझा हाय."

"बायकोला समजाव," साहेब नवऱ्याला म्हणाले. "नोकरी जाईल."

नवरा खाली बघत राहिला. मग साहेबांनी खडी पसरणाऱ्या बायकांना हाक मारली, "या गं, उपटा हे!" एकही उठली नाही. त्यांतल्या एका म्हातारीनं घमेलं पालथं घातलं आणि त्यावर बसून घेतलं.

"वर कळवतो," म्हणत साहेब गेले.

"तू माझी भाकर घालवणार," नवरा रागानं म्हणाला.

"मलाबी खडी फोडता येती," मी म्हणाले. त्या रात्री तो जेवला नाही.

नोकरी गेली नाही. साहेबांनी वर कळवलं की नाही, कधी कळलं नाही. डबा ओढला की हादऱ्यांनी लिंपण तडकायचं, मी पुन्हा हात फिरवायची. पावसाळ्यात कुडात उंदरांनी घर केलं, तेव्हा मीच तो उपटून चुलीत घातला. साहेबांच्या सांगण्यावरून नव्हे, उंदरांपायी.

पुढच्या उन्हाळ्यात सेलूच्या रस्त्यावर नवा कूड लिंपत होते. जीप आली, हळू झाली. साहेबांनी उघड्या दारातून आत पाहिलं. मी उठले नाही, पदरही सावरला नाही. पाटीतला शेणामातीचा गारा उचलला आणि थापत राहिले.